समितीचे टिपण आणि चेंबरचा शब्द

चेंबर ऑफ कॉमर्सचे सभासदत्व घेताना बहुतेक उद्योजक अध्यक्ष कोण आहे, कार्यकारिणीत कोणकोण आहेत आणि वर्षाची वर्गणी किती, एवढेच पाहतात. अर्जाला समित्यांची यादी जोडलेली असते, आवडीच्या विषयापुढे खूण करायची असते, आणि ती खूण करून झाली की त्या यादीचा बहुतेकांना विसर पडतो. अशा समित्यांवर बरीच वर्षे सभासद म्हणून, आणि मधल्या काळात निमंत्रक म्हणून, काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की चेंबरची कुवत कार्यकारिणीच्या नामावळीवरून कळत नाही. ती समित्यांनी लिहिलेल्या टिपणांवरून कळते. समितीला निर्णयाचा अधिकार जवळजवळ नसतोच. पण चेंबर पुढे सरकारदरबारी, बँकांपुढे किंवा वर्तमानपत्रांपुढे जे काही बोलते, त्यातला मजकूर समितीच्या टेबलावर तयार होतो, आणि तिथे तो तयार झाला नसेल तर नंतर कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या वक्तृत्वाने ती उणीव भरून निघत नाही.

चेंबर ही संस्थाच मुळात एका समितीच्या रूपाने जन्माला आली. १५९९ साली फ्रान्समधल्या मार्सेय बंदराच्या नगरपरिषदेने सागरी व्यापाराच्या अडचणींकडे लक्ष देण्यासाठी काही प्रतिनिधी नेमले. जगातल्या पहिल्या चेंबर ऑफ कॉमर्सची सुरुवात या नेमणुकीपासून मानली जाते, आणि नगरपरिषदेपासून वेगळे होऊन स्वतंत्र संस्था व्हायला तिला १६५० साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कचे चेंबर १७६८ च्या एप्रिलमध्ये वीस व्यापाऱ्यांनी स्थापन केले. ब्रिटिश राजाची सनद त्यांना १७७० मध्ये मिळाली, पण सभासदांचे आपसातले व्यवहाराचे तंटे मिटवण्यासाठी लवाद समिती त्यांनी स्थापनेच्या वर्षीच नेमली होती. सनदेची वाट पाहण्याचे त्यांना कारण नव्हते, कारण वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडण्यापेक्षा आपल्याच धंद्यातल्या जाणत्या माणसांनी दोन्ही बाजूंच्या वह्या पाहून निवाडा द्यावा, ही गरज रोजची होती. लंडनमध्ये हेच काम किती सावकाश झाले तेही पाहण्यासारखे आहे. १८८३ मध्ये शहराच्या कॉमन कौन्सिलने लवाद मंडळाची योजना आखण्यासाठी समिती नेमली, पुढच्या वर्षी तिचा आराखडा आला, त्यात लंडनच्या चेंबरचे सहकार्य गृहीत धरले होते. पण लवादाचा नवा कायदा १८८९ मध्ये होईपर्यंत तो आराखडा बासनात राहिला आणि मंडळाचे उद्घाटन व्हायला १८९२ चा नोव्हेंबर आला. समितीत बसणाऱ्यांना हा वेग ओळखीचा वाटेल.

समितीच्या कामाचे मला सर्वांत शिकवून जाणारे उदाहरण मात्र अलीकडचे आहे. आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्स १९१९ मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय पॅरिसला आहे. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने बँकेने विक्रेत्याला दिलेली पैशाची हमी, कोणत्या नियमांनी चालावी याची संहिता या चेंबरने १९३३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ती वेळोवेळी सुधारली. ही संहिता कोणत्याही देशाच्या संसदेने केलेला कायदा नाही. हमीपत्रात 'हे नियम लागू' असे लिहिले जाते म्हणून ती लागू होते, आणि असे जगभरच्या बँका लिहितात. ताजी सुधारणा चेंबरच्या बँकिंग आयोगाने २००३ मध्ये हाती घेतली, २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तिला मान्यता मिळाली आणि १ जुलै २००७ पासून ती अमलात आली. सुधारणेमागचे कारण नेमके होते. निरनिराळ्या पाहण्यांत असे दिसले होते की निर्यातदार पहिल्यांदा जी कागदपत्रे बँकेत सादर करतात त्यांपैकी सुमारे ७० टक्के त्रुटींमुळे नाकारली जातात. ज्या साधनाने पैसे मिळण्याची खात्री द्यायची तेच साधन दहापैकी सात वेळा पहिल्या फेरीत अडत असेल, तर दोष निव्वळ निर्यातदारांच्या कारकुनांचा म्हणून भागत नाही.

पुढे जे झाले ते समितीचे काम म्हणून वाचण्यासारखे आहे. मसुदा करणारा एक लहान गट होता. त्याला सल्ला देणारा, पंचविसाहून अधिक देशांतल्या सभासदांचा दुसरा गट होता. देशोदेशींच्या राष्ट्रीय समित्यांकडे मसुदे फिरले, आणि अंतिम मजकुरापर्यंत येताना मसुदा गटाने पाच हजारांहून अधिक सूचना वाचून निकालात काढल्या. आधीच्या ४९ कलमांची ३९ झाली. कागदपत्रे तपासायला बँकेला 'वाजवी मुदत, पण सात बँक-दिवसांपेक्षा जास्त नाही' अशी जी सवलत होती, तिच्यातला 'वाजवी' हा शब्द काढून टाकून सरळ पाच बँक-दिवसांची कमाल मर्यादा घातली गेली. वाजवी म्हणजे किती यावर बँका आणि व्यापारी वर्षानुवर्षे भांडत होते. कोणाच्या भाषणाने ते भांडण मिटले नसते. मजकुरातला एक शब्द हलवून एक आकडा बसवावा लागला, आणि तो कोणता बसवावा हे ठरवण्यासाठी रोज ती कागदपत्रे हाताळणारी माणसे एकत्र बसावी लागली.

लहान चेंबरच्या समितीचे काम याच्या मानाने किरकोळ वाटेल, पण कामाची वाट तीच आहे. सभासदाची तक्रार येते, तिच्यासाठी पुरावा जमवावा लागतो, मागणीचे शब्द ठरवावे लागतात, ते शब्द ज्यांना झळ पोहोचेल त्यांच्यापुढे फिरवावे लागतात, आणि मग ते टिपण कार्यकारिणीकडे जाते. यातली कुठलीही पायरी गाळली तर टिपण उभे राहत नाही, आणि सर्वांत जास्त गाळली जाणारी पायरी म्हणजे पुराव्याची.

याचे एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. कराचा परतावा वेळेवर मिळत नाही, अशी निर्यातदार सभासदांची ओरड होती. बैठकीला नेहमीपेक्षा जास्त माणसे आली होती आणि प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे होते. कोणाचे खेळते भांडवल अडकले होते, कोणाला त्यासाठी बँकेचे व्याज भरावे लागत होते, एकाने तर मोठी ऑर्डर सोडून दिली होती. पहिला तासभर हे सगळे ऐकण्यात गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण मन मोकळे झाल्याशिवाय माणूस तारखा शोधायला बसत नाही. त्यानंतर आमच्या निमंत्रकांनी एक कोरा तक्ता सर्वांच्या हाती दिला. परताव्याचा अर्ज कधी केला, पोच कधी मिळाली, खात्याने पहिली हरकत कोणत्या तारखेला काढली, हरकत कशाबद्दल होती, सभासदाने उत्तर कधी दिले, मंजुरी कधी झाली आणि रक्कम खात्यात कधी जमा झाली, एवढेच रकाने त्यात होते. प्रत्येकाने आपल्या ताज्या अर्जांची माहिती पुढच्या बैठकीपर्यंत भरून द्यायची, असे ठरले. काही जणांची नाराजी उघड होती. आम्ही तक्रार घेऊन आलो आणि तुम्ही आम्हालाच गृहपाठ देता, असा त्यांचा सूर होता.

तक्ते भरून आले तेव्हा चित्र बदलले. अर्ज मंजूर झाल्यावर रक्कम जमा व्हायला फारसा वेळ लागत नव्हता. बराचसा काळ पहिल्या हरकतीपाशी जात होता, आणि निरनिराळ्या सभासदांना आलेल्या हरकती एकाच कागदाबद्दल होत्या. तो कागद अर्जासोबत आधीच जोडलेला असूनही स्वतंत्रपणे पुन्हा मागितला जात होता. शिवाय काही सभासदांनी हरकतीचे उत्तर द्यायलाच आठवडेच्या आठवडे लावले होते, हेही त्याच तक्त्यात दिसत होते. टिपण लिहिताना हा दुसरा भाग गाळावा, असे एकदोघांचे म्हणणे पडले. निमंत्रकांनी तो ठेवला, आणि मला वाटते त्यांचा तो निर्णय सर्वांत शहाणपणाचा होता, कारण समोरच्या अधिकाऱ्याजवळही तारखा असतात आणि आपण लपवलेली तारीख तो पहिल्या पाच मिनिटांत काढतो. अंतिम टिपण दोन पानांचे झाले. 'परतावा लवकर द्या' ही मागणी त्यात कुठेच नव्हती. अर्जासोबत आलेला कागद पुन्हा मागू नये आणि हरकती एकाच पत्राने कळवाव्यात, एवढीच विनंती होती, आणि खाली तक्त्याचा गोषवारा होता. शिष्टमंडळ भेटीला गेले तेव्हा बोलायला फारसे उरलेच नव्हते. पहिली विनंती काही काळाने मान्य झाली, दुसरी नाही.

समितीला हे जमण्याचे कारण तिच्या सभासदांकडे धंद्याच्या कपाटातले कागद असतात, जे चेंबरच्या सचिवालयाकडे नसतात आणि सल्लागाराकडे तर नसतातच. सचिवालयातला अधिकारी कायदा वाचू शकतो, परिपत्रके गोळा करू शकतो, पण माल बंदरात कोणत्या टेबलापाशी थांबतो हे माल पाठवणाऱ्यालाच ठाऊक असते. उलट, माल पाठवणाऱ्याला टिपण लिहायला सवड नसते आणि बहुतेकदा सवयही नसते. म्हणून समितीचे काम सचिवालयातल्या एका चांगल्या माणसावाचून चालत नाही. इतिवृत्त वेळेवर पाठवणारा, मागच्या बैठकीत कोणी काय कबूल केले होते याची आठवण करून देणारा आणि सभासदांच्या तोंडच्या बोलण्यातून मागणीचे वाक्य बांधणारा असा एक सहायक असेल तर मध्यम कुवतीची समितीही काम करून दाखवते. तो नसेल तर नामवंतांची समिती चहापानापलीकडे जात नाही. चेंबरचा अर्थसंकल्प मंजूर होताना सभागृहाच्या नूतनीकरणावर जेवढी चर्चा होते तेवढी या माणसाच्या पगारावर होत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

समितीत एकाच बाजूची माणसे असती तर काम सोपे झाले असते. तशी ती नसतात, आणि नसावीतही. कच्च्या मालाच्या आयातशुल्काचा विषय निघाला की हे ताबडतोब दिसते. तो माल देशात बनवणारा सभासद शुल्क वाढवा म्हणतो, तोच माल विकत घेऊन पुढची वस्तू बनवणारा शुल्क कमी करा म्हणतो, आणि दोघांनीही वर्गणी सारखीच भरलेली असते. अशा वेळी मतदान घेऊन बहुमताने ठराव करण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा. बहुमताने हरलेला सभासद गप्प बसत नाही. तो आपल्या धंद्याच्या स्वतंत्र संघटनेमार्फत चेंबरच्या उलट निवेदन देतो, आणि मग चेंबरच्या निवेदनाची किंमत शून्य होते, कारण समोरच्याला दोन्ही निवेदने एकाच फाइलमध्ये लागतात. त्यापेक्षा दोन्ही बाजू टिपणात जशाच्या तशा नोंदवाव्यात, दरावर चेंबरने मत देऊ नये, आणि ज्यावर दोघेही सहमत आहेत तो भाग शोधावा. असा भाग जवळजवळ नेहमी सापडतो. दर वाढो की कमी होवो, त्याची पूर्वसूचना पुरेशी आधी मिळावी, आधीच निघालेल्या मालाला जुना दर लागू राहावा, दर वर्षातून अनेकदा बदलू नये, यावर बनवणारा आणि वापरणारा दोघेही सही करतात. काही सभासदांना असे टिपण मिळमिळीत वाटते. पण अनेक धंद्यांच्या चेंबरला एका धंद्याच्या संघटनेसारखे बोलता येत नाही, आणि तसे बोलू पाहणाऱ्या चेंबरमधून निम्मे सभासद हळूहळू कमी होतात.

इथे एका धोक्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण समित्यांत त्याविषयी फार बेफिकिरी असते. एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी एका टेबलाभोवती बसले की बोलणे सरकारी परिपत्रकावरून किमतीकडे वळायला वेळ लागत नाही. 'यंदा आपण सगळ्यांनीच दर वाढवले पाहिजेत', 'त्या गिऱ्हाइकाला कोणीच उधारी देऊ नका', 'तुमचा भाग तुम्ही सांभाळा, आमचा आम्ही' ही वाक्ये गप्पांच्या सुरात येतात, पण स्पर्धाविषयक कायद्याच्या दृष्टीने ती गप्पा राहत नाहीत. युरोपीय संघाच्या मूळ कराराच्या १०१ व्या कलमात कंपन्यांमधल्या करारांबरोबरच उद्योगांच्या संघटनांनी घेतलेल्या निर्णयांचाही स्पष्ट उल्लेख आहे; म्हणजे बैठक चेंबरने बोलावली होती हा बचाव ठरत नाही, उलट चेंबरही त्यात ओढले जाते. अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्यापासून संगनमताला बंदी आहे आणि इतर अनेक देशांनीही असेच कायदे केले आहेत. म्हणून समितीची कार्यसूची आधी लेखी फिरवणे, बैठकीत तिच्याबाहेरचा विषय न घेणे आणि इतिवृत्त ठेवणे हा निव्वळ कारकुनी सोपस्कार नाही. किमती, ग्राहकांची वाटणी, पुढच्या काळातले उत्पादन किंवा निविदांतले आकडे यांबद्दल कोणी बोलू लागला तर अध्यक्षाने त्याला तिथेच थांबवले पाहिजे, आणि अध्यक्ष थांबवत नसेल तर सभासदाने उठून जावे आणि आपण उठून गेलो याची इतिवृत्तात नोंद घ्यायला लावावी. काही चेंबरमध्ये प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला याबाबतचे चार ओळींचे निवेदन वाचले जाते. ऐकणाऱ्यांना त्याचा कंटाळा येतो, पण ती प्रथा मोडू नये.

समित्यांचे वजन सगळीकडे सारखे नसते, आणि ते चेंबर कोणत्या प्रकारचे आहे यावर बरेच अवलंबून असते. ब्रिटन-अमेरिकेच्या धर्तीवरची चेंबर ऐच्छिक सभासदत्वावर चालतात. तिथल्या समित्या चेंबरच्या घटनेप्रमाणे आणि कार्यकारिणीच्या मर्जीप्रमाणे नेमल्या जातात किंवा मोडल्या जातात. जर्मनीत मात्र चेंबर कायद्याने स्थापन झालेली सार्वजनिक संस्था असते, उद्योगांना तिचे सभासदत्व बंधनकारक असते, आणि काही समित्याही कायद्यानेच ठरवून दिलेल्या असतात. व्यावसायिक प्रशिक्षण समिती हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात मालकांचे सहा, कामगारांचे सहा आणि व्यवसाय शाळांमधले सहा शिक्षक असतात. शिक्षकांचे मत सर्वसाधारणपणे सल्ल्यापुरते असते. शिकाऊ उमेदवारांच्या परीक्षा घेणाऱ्या समित्यांतही मालक आणि कामगार यांची संख्या समान ठेवावी लागते आणि निदान एक शिक्षक असावा लागतो. तिथे समितीचा सभासद खरोखर निर्णय घेतो. कोण उत्तीर्ण झाला हे तो ठरवतो, आणि त्याच्या सहीने एखाद्या तरुणाला प्रमाणपत्र मिळते. ऐच्छिक चेंबरमधल्या समितीला असा अधिकार नसतो, पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: धंदा सांभाळून, मानधनाची फारशी अपेक्षा न ठेवता आपला वेळ देणाऱ्या माणसांवर सगळे चालते, आणि तो वेळ वाया जातो आहे असे वाटले की ती माणसे येईनाशी होतात.

येणाऱ्या माणसांबद्दलही लिहायला हवे. मोठ्या कंपन्या समितीवर मालकाचे किंवा संचालकाचे नाव देतात आणि बैठकीला एखाद्या व्यवस्थापकाला पाठवतात, ज्याला 'विचारून सांगतो' यापलीकडे काही बोलण्याची मुभा नसते. लहान उद्योजक स्वतः येऊ इच्छितो, पण कामाच्या दिवशी भर दुपारी बैठक ठेवली तर त्याचे यंत्र बंद राहते. बैठकीची वेळ कोणाच्या सोयीने ठरते, यावरून ती समिती कोणासाठी बोलणार आहे याचा अंदाज करता येतो. तिसरा वर्ग सल्लागारांचा: करसल्लागार, वकील, विमा आणि वित्तसेवा देणारे. त्यांना विषयाची जाण असते, ते नियमित येतात आणि टिपणही लिहून देतात, पण समिती हे त्यांच्यासाठी गिऱ्हाइके गाठण्याचेही ठिकाण असते. मला यात फार गैर वाटत नाही, मात्र कर समितीत केवळ करसल्लागारच उरले तर नियम सुटसुटीत करण्याची मागणी तिथून नेटाने पुढे येईल, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. समितीच्या घडणीत प्रत्यक्ष धंदा करणारे निम्म्याहून अधिक असावेत, हा नियम पोटनियमांत लिहून ठेवण्याजोगा आहे.

अध्यक्षाची निवड हा त्याहून नाजूक विषय आहे. कार्यकारिणीत जागा न मिळालेल्यांची सोय लावण्यासाठी समित्यांची अध्यक्षपदे वाटली जातात, हे चेंबरच्या आतल्यांना सांगायला नको. त्यातून समित्यांची संख्याही वाढते. 'गुंतवणूक प्रोत्साहन', 'उद्योगवृद्धी' आणि 'व्यवसाय विकास' अशा तीन समित्या एकाच चेंबरमध्ये नांदत असतील तर त्यांच्या कार्यकक्षेतला फरक त्यांच्या अध्यक्षांनाही सांगता येत नाही. समिती नेमताना कार्यकक्षा एका परिच्छेदात लिहिता आली पाहिजे: कोणत्या विषयावर, कोणाला, कधीपर्यंत, काय द्यायचे. तो परिच्छेद लिहिता येत नसेल तर समितीची गरज नाही, किंवा मग कायम समितीऐवजी ठरावीक मुदतीचा कार्यगट पुरेसा आहे. मालाच्या मूळस्थानाचे प्रमाणपत्र देण्यासारखी रोजची कामे तर समितीकडे नसलेलीच बरी. ती नियमाप्रमाणे कर्मचाऱ्यांनी करायची असतात आणि कोणाही पदाधिकाऱ्याच्या शब्दावर ती लवकर किंवा उशिरा होऊ नयेत.

कार्यकारिणी आणि समिती यांच्यातल्या रेषेवरून बरेच रुसवेफुगवे होतात. समितीच्या अध्यक्षाला वाटते की विषय आपण अभ्यासला, तर वर्तमानपत्राशीही आपणच बोलावे. चेंबरच्या अध्यक्षाला वाटते की चेंबरच्या नावाने बोलण्याचा अधिकार आपला. यात दुसऱ्याचे म्हणणे रास्त आहे, असे मी मानतो, कारण चार समित्यांचे चार अध्यक्ष चार सुरांत बोलू लागले तर बाहेरच्याला चेंबरचे मत कोणते ते कळत नाही. पण या शिस्तीची दुसरी बाजू कार्यकारिणी सोयीस्करपणे विसरते. समितीचे टिपण मिळाल्यावर ते स्वीकारले, बदलले, परत पाठवले की नाकारले, याचे कारणासह लेखी उत्तर ठरावीक मुदतीत द्यायला ती बांधलेली असली पाहिजे. टिपण 'विचाराधीन' राहिले की समितीतल्या कामाच्या माणसांना ते बरोबर समजते. ती राजीनामा देत नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांचा निरोप येतो की बाहेरगावी आहे, त्यापुढच्या बैठकीला निरोपही येत नाही, आणि मग गणपूर्तीसाठी सचिवालयातल्या सहायकाला सकाळपासून फोन करत बसावे लागते.

मुदत संपताना समितीने काय मागे ठेवावे याबद्दल चेंबरच्या पोटनियमांत सहसा काही नसते. वार्षिक अहवालात बैठकांची संख्या, पाहुण्या वक्त्यांची नावे आणि छायाचित्रे छापली जातात. त्याऐवजी, किंवा निदान त्याबरोबर, मावळत्या समितीने एक पान लिहून द्यावे: कोणत्या मागण्या केल्या, त्यांतल्या कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या कोणत्या टेबलापाशी थांबल्या आहेत, समोरच्या बाजूने काय कारण दिले, आणि कोणत्या सभासदांनी आपले आकडे दिले होते. नव्या समितीची पहिली बैठक त्या पानापासून सुरू करता येते. जिथे ते पान नसते तिथे नवा अध्यक्ष पहिल्या बैठकीत उत्साहाने सर्वांना विचारतो की आपल्या अडचणी काय आहेत ते सांगा. आणि ज्यांनी त्या मागच्या समितीला तारखांसह लिहून दिल्या होत्या, ते सभासद त्या बैठकीला आलेले नसतात.